डेल्कोतला गंज आणि आमची चूक

 

मागच्या वेळी आपण कडधान्याला लागणाऱ्या भुंग्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काही आपलं काम नाही, हे गॅरेजवाल्याचं काम. आम्हीही तसंच म्हणत होतो. तसं म्हणत राहिलो म्हणून आमची एक ऑर्डर गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्याच एका मैत्रिणीवर आम्ही नसता आळ घेतला. म्हणून आज हा विषय. गाडीच्या डेल्कोत धरणारा गंज, तो का धरतो आणि तो धरू नये म्हणून काय करायचं.

आमच्या गटाकडे एक जुनी मारुती ऑम्नी आहे. ही व्हॅन 1984 साली बाजारात आली आणि 2019 पर्यंत बनत होती. आमची त्यातली जुनी, कार्ब्युरेटरवाली. घेतली तेव्हाच म्हातारी होती. पण गटाच्या पैशातून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू, त्यामुळे सगळ्यांचा तिच्यावर जीव. आमच्यातल्या एकीने हौसेने गाडी शिकून घेतली, लायसन काढलं आणि माल पोचवायचं काम अंगावर घेतलं. नारायणगाव, ओतूर, जुन्नर अशा खेपा ती एकटी करायची.

श्रावणात कल्याणहून उपवासाच्या पदार्थांची ऑर्डर आली. राजगिऱ्याचे लाडू, उपवासाची भाजणी, साबुदाण्याच्या पापड्या. तीन दिवस आम्ही रात्री जागून माल केला. पहाटे गाडी निघाली. ओतूर गेलं, मढ गेलं, आणि खुबी फाट्याच्या अलीकडे गाडी आचके देऊन बंद पडली. माळशेजचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे आळेफाट्याला नुसती भुरभुर असते तेव्हा तिकडे हातभर लांबचं दिसत नाही. चार तास ती आणि आणखी एक जण गाडीत बसून राहिल्या. गाडी ओढून परत आणली. माल ओलसर झाला, वेळ टळली, ऑर्डर गेली.

आता आमचं काय झालं ते ऐका. त्याआधीचा महिनाभर गाडी चढाला ओढत नव्हती, पेट्रोल जास्त पीत होती. आम्ही म्हणायचो, ही क्लच दाबून ठेवते, गियर चुकीचा टाकते. गावात तर लोक टपूनच होते. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच होणार, असं पारावर बोलणं झालं. वाईट याचं वाटतं की बैठकीत आमच्यातल्याही दोघी-तिघी तेच बोलल्या आणि बाकीच्या गप्प बसल्या. तिने काही वाद घातला नाही. गाडीची चावी ओट्यावर ठेवली आणि निघून गेली.

चार दिवसांनी आळेफाट्यावरच्या मेकॅनिकने गाडी उघडली. ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्याने सीट उचललं आणि आधी एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेली. विचारलं, "ताई, ही कुणी बांधली?" आम्हीच बांधली होती. पावसाळा लागायच्या आत बैठकीत ठरवून बांधली होती. कुणीतरी सांगितलं होतं की डेल्कोत पाणी गेलं की गाडी बंद पडते. म्हणून थेंबही जाऊ नये अशी बांधली.

त्याने झाकण काढलं. आत तांबूस भुकटी, पितळेवर हिरवट-पांढरी पूड, आणि झाकणाला आतून दव. तो म्हणाला, "ताई, पाणी भायेरून आलंच नाय. आतलंच पाणी हाय हे. तुम्ही कोंडून ठेवलं त्याला."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गंज पावसाच्या थेंबापेक्षा कोंडलेल्या ओलाव्याने जास्त धरतो.

आता डेल्को म्हणजे काय ते सांगतो. कागदोपत्री त्याचं नाव डिस्ट्रिब्युटर, म्हणजे वाटप करणारा. गॅरेजमध्ये सगळे डेल्को म्हणतात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने 1909 साली डेल्को नावाची कंपनी काढली होती. बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था तिने मोटारीला दिली. ती कंपनी दूर राहिली, पण नाव आपल्या फाट्यावर येऊन बसलं. याच केटरिंगचा सेल्फ स्टार्टर 1912 सालच्या मोटारीत आला. त्याआधी इंजिन पुढून हँडल मारून चालू करावं लागायचं. हँडल न मारता गाडी सुरू होऊ लागली तेव्हा मोटार चालवणं बायकांनाही सोपं झालं.

पेट्रोल गाडीत पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. बॅटरी 12 व्होल्टची. तेवढ्याने ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल तो दाब वाढवून कित्येक हजार व्होल्टवर नेते. आमच्या गाडीला तीन सिलिंडर आणि तीन प्लग. कुठल्या प्लगला कधी ठिणगी द्यायची ते डेल्को ठरवतो. पंगतीत वाढणारी जशी एकेका पानाशी थांबून वाढत जाते, तसा आतला रोटर फिरतो आणि एकेका वायरला ठिणगी वाढतो. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर तीन सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला 4,500 ठिणग्या होतात. जुन्या गाडीजवळ रेडिओ लावला तर कधी कधी खरखर ऐकू येते, ती या ठिणग्यांची. आपल्या खोडदला 30 मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपते. अशा दुर्बिणीला ही खरखर म्हणजे कानाशी ढोल.

आता या डबीत पाणी येतं कुठून? पहाटे गार पाण्याचा तांब्या भरून ठेवला की त्याला बाहेरून घाम येतो. तांब्या गळत नसतो, हवेतलाच ओलावा गार धातूवर येऊन बसतो. डेल्कोत तेच होतं. गाडी चालली की डबी तापते, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. गाडी थांबली की डबी गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रात्री तो ओलावा लोखंडावर बसतो. हवेत ओलावा साधारण 60 टक्क्यांच्या पुढे गेला की गंज झपाट्याने वाढतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तर तो त्याच्याही वर असतो.

दुसरी गोष्ट ठिणगीची. जवळपास वीज कडाडली की हवेला एक उग्र वास येतो. तो ओझोन वायूचा. डबीत मिनिटाला हजारो ठिणग्या उडतात, म्हणजे छोट्या छोट्या विजाच. त्यातून ओझोन आणि नायट्रोजनचे वायू तयार होतात. त्यात ओलावा मिसळला की आम्ल तयार होतं. लोखंडावर लिंबू पिळून ठेवल्यासारखंच ते. म्हणूनच बऱ्याच डेल्कोंच्या अंगाला हवा जायला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. आम्ही पिशवी बांधून ते छिद्रच बंद केलं. ओलावाही आत आणि आम्लही आत.

डबीच्या तळाशी स्प्रिंगला जोडलेली दोन छोटी वजनं असतात. गाडीचा वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि ठिणगी थोडी लवकर पडते. तशी पडली तरच इंजिनात जोर येतो. आमच्या गाडीत ती वजनं गंजून जागच्या जागी अडकली होती. म्हणून गाडी चढाला ओढत नव्हती, म्हणून पेट्रोल जास्त पीत होती. क्लचचा काही संबंध नव्हता. आणि घाटाजवळ खालून गार पाणी उडून डबी गार पडली, आत दव धरलं, आणि ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी ओल्या झाकणावरून पळाली. गाडी बंद.

बाहेरून हे कसं ओळखायचं? सकाळी स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही. पावसात गाडी मिसिंग करते, कोरड्यात बरी चालते. चढाला दम लागतो. सायलेन्सरमधून फट् आवाज येतो. यातलं काही झालं तर चालवणारीला बोलायच्या आधी डेल्को बघा.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो. जवळ कागद असेल तर लिहून घ्या.

पहिलं, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. चावी काढा. बॅटरीची उणे बाजूची वायर सोडा. त्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचा. बॅटरीला धातू लागला तर भाजतं.

दुसरं, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे परत लावताना चुकणार नाही. प्लगच्या वायरी झाकणातून उपसू नका. झाकणाचे दोन स्क्रू किंवा क्लिपा सोडल्या की झाकण वायरींसकट बाजूला होतं. स्क्रू आत पडू नये म्हणून खाली फडकं पसरा. डेल्कोच्या बुडाचा बोल्ट मात्र सोडू नका. तो सोडला तर टायमिंग बदलतं आणि मग गॅरेजला जावंच लागतं.

तिसरं, झाकण उजेडात धरून आतून बघा. केसासारखी बारीक चीर किंवा पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर झाकण बदलायचं. त्या रेघेवरूनच ठिणगी पळते. मधला काळा कार्बन बोटाने दाबून बघा, तो खाली-वर हलायला हवा.

चौथं, जुन्या सुती लुगड्याच्या कोरड्या फडक्याने झाकण आणि रोटर पुसा. रोटर बहुतेक गाड्यांत वर ओढला की निघतो, काहींत स्क्रू असतो. जोर करू नका. झाकण ओलसर वाटलं तर तासभर उन्हात ठेवा. चुलीवर, गॅसवर धरू नका.

पाचवं, रोटर परत बसवून बोटांनी त्याच्या फिरायच्या बाजूला हलकेच वळवा आणि सोडा. तो थोडा वळून स्प्रिंगने परत जागेवर यायला हवा. आला नाही तर खालची वजनं अडकली आहेत असं समजा. ते काम मेकॅनिकचं. त्याला नेमकं एवढंच सांगा की डेल्कोची वजनं बघा. आपण नेमकं सांगितलं की तोही नेमकं काम करतो.

सहावं, तेल. विळा पावसाळ्यात ठेवताना आपण तेलाचा हात लावून ठेवतो. तसंच इथे, पण थेंबाथेंबाने. रोटरखाली दांड्याच्या टोकाला लोकरीसारखा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब. सीबी पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंट ज्या खिळीवर हलतो तिथे एक थेंब, आणि ज्या उंचवट्यावर तो घासतो तिथे मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. पॉइंटच्या तोंडाला तेल लागू देऊ नका, ते जळतं. खोबरेल वापरू नका, थंडीत ते गोठतं. गोडेतेलही नको, काही दिवसांनी त्याचा चिकटा होतो. आणि डबीत गंज काढायचा स्प्रे मारून लगेच चावी फिरवू नका. त्याची वाफ ठिणगीने पेटते आणि झाकण उडतं.

सातवं, हवेचं छिद्र असेल तर ते बारीक काडीने मोकळं करा. झाकणाखालचं रबर तडकलं असेल तर नवं घाला. रबर पावसाचं पाणी बाहेर ठेवतं आणि छिद्र आतली दमट हवा बाहेर सोडतं. दोन्ही लागतात. मग झाकण खाचेत नीट बसवून घट्ट करा.

हे वर्षातून दोनदा करायचं. एकदा मृग लागायच्या आधी. दुसऱ्यांदा पाऊस सरल्यावर, खंडेनवमीला. त्या दिवशी आपण विळा, कोयता, शिलाई मशीन, गाडी, सगळ्यांची पूजा करतो. आणि पूजेआधी गाडी धुताना पाइपचा फवारा थेट इंजिनावर मारतो. वर्षभरात सगळ्यात जास्त पाणी त्या दिवशी आत जातं. इंजिन पाण्याने धुऊच नका, ओल्या फडक्याने पुसा. धुवायचंच असेल तर डेल्कोवर तेवढ्यापुरती पिशवी धरा आणि धुऊन झालं की लगेच काढा. हार घालायच्या आधी झाकण उघडून आत बघा. तीही पूजाच आहे.

आणखी तीन साध्या गोष्टी. गाडी आठवडाभर उभी ठेवू नका. नुसती दोन मिनिटं चालू करून बंद केली तर उलट ओलावा वाढतो. दहा-बारा किलोमीटर चालवा, म्हणजे इंजिन पूर्ण तापून आतला ओलावा निघून जाईल. गाडी गोठ्याला लागून उभी करू नका. शेण-मुताची वाफ पितळेला आणि तांब्याला खाते. आमची तिथेच उभी असायची. आणि युरियाच्या फुटक्या गोण्या गाडीत ठेवू नका. खत हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी लोखंडाला लागतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, आमची गाडी नवी आहे, तिला डेल्को नाही. खरं आहे. नव्या गाड्यांत ठिणगीचं वाटप कॉम्प्युटर करतो. काहींकडे गाडीच नाही. पण शिलाई मशीन आहे ना? पावसाळ्यात ते आपण प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळतो आणि दिवाळीला उघडलं की चाक फिरत नाही. त्याला आधी पुसून तेल द्या, वर सुती कापड टाका, हवा खेळू द्या. धान्य आपण उन्हात वाळवूनच कणगीत भरतो, ओलं भरून वर झाकण लावत नाही. ही अक्कल आपल्याकडे आधीपासून आहे. गाडीपाशी आल्यावर ती वापरायचं आपण विसरलो, कारण गाडी आपली नाही असं मनात कुठेतरी होतं.

आता शेवटचं. मेकॅनिकने गाडी दुरुस्त करून दिली त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या तिच्या घरी गेलो. तिच्या सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, "आता कशाला आल्या गं?" त्यांचं बरोबर होतं. आम्ही गंजलेली वजनं कागदात बांधून नेली होती. ती तिच्या हातावर ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी म्हणत होते ना, गाडीला कायतरी झालंय." म्हणत होती ती. महिनाभर म्हणत होती. आम्ही ऐकलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत आम्ही इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं की गाडी बंद पडण्यात चालवणाऱ्या सभासदाची चूक नव्हती, पिशवी बांधायचा निर्णय आपल्या सगळ्यांचा होता, आणि ऑर्डरचं नुकसान गटाचं आहे. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे आहेत. ज्या दोघी-तिघी बोलल्या होत्या त्यांनी वही स्वतः मोठ्याने वाचली. चावी मात्र तिने लगेच घेतली नाही. दिवाळी होऊन गेल्यावर घेतली. त्याआधी तिने एक अट घातली की गाडी चालवणारीने गाडीबद्दल काही सांगितलं तर आधी गाडी उघडून बघायची आणि मग बोलायचं. ती अटही वहीत लिहिली आहे.

आता डेल्को उघडायला आम्ही चौघी शिकलो आहोत. मृगाआधी सीट उचलायला त्या दिवशी सगळ्याच जमतात. एक जण फडकं धरते, एक फोटो काढते, एक तेलाचा थेंब सोडते. सासूबाईही येऊन बसतात आणि थेंब मोजतात.

तुमच्या गटाकडे गाडी असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर मसाल्याचं डंखन असो. ते बिघडलं तर आधी ते उघडून बघा. माणसाला बोल लावायची घाई करू नका. लोखंडाचा गंज फडक्याने आणि तेलाने निघतो. मैत्रिणीच्या मनात धरलेला गंज काढायला आम्हाला श्रावणापासून दिवाळीपर्यंत थांबावं लागलं.

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.